रमेज म्हणजे आवरणं की उचकणं?

प्रश्न: मुलगा वास्कोला शिपिंगच्या ऑफिसात लागलाय. परवा उशिरा आला, म्हणे कस्टमवाले जहाजाचं रमेजिंग करत होते. मला वाटायचं रमेज म्हणजे कपाट उचकून वस्तू शोधणं. तर सासूबाई, पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या, म्हणतात आर्रुमार म्हणजे घर नीट आवरणं, इंग्रजांनी उलटंच केलंय! खरं काय?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, सासूबाईंना आधी नमस्कार सांगा, बरोब्बर जागी बोट ठेवलंय त्यांनी. रमेज हा मूळचा जहाजावरचाच शब्द. फ्रेंचमध्ये आरुमाज म्हणजे जहाजाच्या पोटात माल रचून ठेवणं, पिंपं, गाठोडी अशी लावायची की लाटेत हलता कामा नयेत. तो 16व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा अर्थ रचण्याचाच होता. पोर्तुगीज आर्रुमार त्याच कुळातला, म्हणजे दोघं चुलतभाऊ म्हणा, फक्त पोर्तुगीजवाला आवरत बसला आणि इंग्रजीवाला बिघडला.

बिघडला कसा, तर तळाशी ठेवलेली वस्तू हवी असेल तर वरचं सगळं हलवावं लागतं ना, आपण माळ्यावरचं गणपतीचं मखर काढताना करतो तेच. मग 17व्या शतकाच्या सुरुवातीपासून रमेज म्हणजे माल हलवून हलवून जहाज धुंडाळणं झालं, आणि पुढे ते बंदरावरून घरात शिरलं, कपाटात, पर्समध्ये. कस्टमवाल्यांकडे मात्र जहाजाच्या झडतीला अजून रमेजिंगच म्हणतात, चोरून आणलेला माल शोधायचा असतो त्यांना. तेव्हा मुलगा बरोबर, तुम्ही बरोबर, सासूबाई तर सगळ्यात आधीच्या.

मराठीत याला उचकापाचक हा फक्कड शब्द असताना लोक ‘शोध घेणे’ असं का लिहितात कळत नाही. साधा सर्च वेगळा, तो लॅटिनमधल्या गोल फिरण्याच्या क्रियापदातून आलाय, म्हणजे सर्कसचा नातेवाईक. आणि आपलं शोधणं? ते शुद्धच्या धातूतलं, मुळात साफ करणं, गाळून घेणं. म्हणजे इंग्रज शोधताना पसारा करतो आणि आपण शोधताना स्वच्छ करतो, निदान व्याकरणात तरी, कारण आमच्या घरी चष्मा शोधल्यावर खोलीची जी दशा होते ती रमेजच.