"मॅडम, याला गेमचं व्यसनच लागलंय"

हे वाक्य माझ्याकडे दर आठवड्याला एकतरी आई बोलतेच, म्हणून एक केस सांगते, नाव बदललंय.

ओंकार, नववीतला. क्लाससाठी लॅपटॉप घेऊन दिला, मोबाईलमधले गेम काढून टाकले, तरी हा ब्राउझरमधेच काहीतरी उघडून बसतो, जेवायला हाक मारली की "आई दोन मिनिटं, शेवटचं" आणि ती दोन मिनिटं काही संपत नाहीत, मग एक दिवस बाबांनी वायफायच बंद केलं आणि यानं दार आपटलं. गणितात २० पैकी ७.

गेम होता पोकेरोग. पोकेमॉन, म्हणजे वेगवेगळ्या शक्तींचे काल्पनिक प्राणी पकडून एकमेकांशी लढवायचे, त्याच्या चाहत्यांनी बनवलेला, फुकट, त्यामुळे खात्यातून पैसे कापले जातील ही आईची धास्ती आधी काढली. मग ओंकारला म्हणलं, मला खेळून दाखव. हे पालकांनी पहिल्याच दिवशी करावं असं मला फार मनापासून वाटतं. क्लासिक मोडमधे २०० लढाया, दर दहाव्याला बॉस, आणि मधे अख्खी टीम हरली की परत पहिल्यापासून.

बोलता बोलता त्यानं दप्तरातून चौकटीची वही काढली. पोकेमॉनचे १८ प्रकार आडवे, तेच १८ उभे, कुठल्या प्रकारचा हल्ला कुणावर किती लागतो त्याची ३२४ घरं पेन्सिलीनं भरलेली, आगीवर पाणी दुप्पट, गवतावर पाणी निम्मं, काही घरं खोडून परत लिहिलेली. आईला इतके दिवस वाटत होतं ती गणिताची रफ वही आहे.

मी विचारलं, हरलास की काय उरतं रे?

"पकडलेले सगळे राहतात काकू, पुढच्या वेळी त्यातलेच घेऊन सुरू करायचं."

आणि टेस्टमधे कमी पडले की?

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "घरी चार दिवस कोणी बोलत नाही."

आई रडायलाच लागली.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मधे, गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. ओंकार वेळेवर झोपतो, संध्याकाळी कबड्डीला जातो, मित्र आहेत. हे व्यसन नाही. झोप उडाली, शाळा सुटायला लागली तर मात्र वर्षभर वाट बघत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

आम्ही ठरवलं एवढंच. गेम प्रत्येक लढाईच्या सुरुवातीला सेव्ह होतो, म्हणजे मधेच बंद केला तरी फार तर ती एक लढाई परत करावी लागते, हे त्यानंच मान खाली घालून कबूल केलं. म्हणून बसायच्या आधीच सांगायचं, "आज ६०व्या लढाईपर्यंत", आणि बॉस झाला की लॅपटॉप बंद. पेपर हातात आला की आईबाबांनी आधी बरोबर आलेली गणितं बघायची, मार्क नंतर.

पुढच्या टेस्टला ११ आले. "शेवटचं" अजून अधूनमधून ऐकू येतंच म्हणे. पण त्याचे बाबा, जे वायरमन आहेत आणि पहिल्या दोन भेटींना आलेच नव्हते, ते तिसऱ्या भेटीला आले, वही मांडीवर घेऊन एकेक घर बघत बसले, आणि इलेक्ट्रिकचा हल्ला जमिनीवर शून्य लिहिलंय तिथे बोट ठेवून म्हणाले, "बरोबरे की. अर्थिंग."

ओंकार इतका हसला त्या दिवशी.