पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतलं, आता आरटीओची नोटीस आलीय. सस्पेंड झालं की कॅन्सल?

अजून दोन्ही नाही झालेलं. तुम्ही लिहिलंय की इंदूरला पलासियाला स्कूटीवर फोन कानाला लावलेला असताना थांबवलं, चालान तिथेच भरलं तरी लायसन्स परत दिलं नाही, एक पावती हातात टेकवली आणि आता घरी आरटीओचं "कारण बताओ" पत्र आलंय, नि शेजारचे काका म्हणतात की गेलं लायसन्स, आता नवीन काढ. काकांना म्हणावं थांबा जरा.

मी वकील नाही. देवास नाक्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हर लोकांचे कागद सांभाळतो, त्यामुळे असली पत्रं माझ्या टेबलावर येतच असतात, आणि दर वेळी समोरचा माणूस तुमच्यासारखाच घाबरलेला असतो.

पहिली गोष्ट म्हणजे रस्त्यावरचा पोलीस लायसन्स जप्त करू शकतो, सस्पेंड करू शकत नाही. मोटर वाहन कायदा १९८८, कलम २०६. त्यातल्या पोटकलम ४ मध्ये (हे २०१९ च्या दुरुस्तीत आलं) ठरावीक गुन्ह्यांची यादी आहे, ओव्हरस्पीड, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू, रेसिंग, ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं वगैरे, तेवढ्यासाठीच लायसन्स घेऊन ते आरटीओकडे पाठवायचं. हातात फोन धरून गाडी चालवणं कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय, सिग्नल तोडणंसुद्धा, म्हणून तुमचं गेलं. सीटबेल्ट त्या यादीत नाही, नुसतं चुकीचं पार्किंग पण नाही. पुढचं काय ते आरटीओ ठरवणार, पोलीस नाही, कोलकाता हायकोर्टाने २०२२ मध्ये हे अगदी सरळ शब्दांत सांगितलंय.

आता ती पावती शोधा आणि नीट बघा, लोक ती पाकिटात कोंबतात आणि विसरतात. ती पावती म्हणजे तात्पुरतं लायसन्सच आहे, तिच्यावर गाडी चालवता येते, लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवर जी तारीख टाकलीय तोपर्यंत, दोन्हीतलं जे आधी येईल ते. तारीख उलटून गेली असेल तर ती वाढवून घ्यायची, कायद्यात तशी सोय आहे, आणि तोपर्यंत स्कूटी घरीच ठेवा. कलम कुठलं लिहिलंय तेही पावतीवर बघा कारण नोटिशीत तेच कलम असायला हवं, नसेल तर तुमच्या उत्तरातला पहिला मुद्दा तोच.

"मी दंड भरला ना, मग विषय संपला" असं सगळ्यांनाच वाटतं. नाही संपत. दंड भरून गुन्हा मिटवायची सोय कलम २०० मध्ये आहे पण त्यातच लिहून ठेवलंय की दंड भरला तरी लायसन्सवरची कारवाई सुटत नाही. दोन वेगळ्या फायली आहेत त्या, एक पोलिसांकडची पैशाची आणि दुसरी आरटीओकडची.

आता कलम १९, तुमची नोटीस त्याखालीच असणार. पोलिसांकडून लायसन्स आलं की आरटीओने आधी तुमचं ऐकून घ्यायचं, मग दोनच रस्ते: तुम्हाला सोडून द्यायचं, किंवा सविस्तर कारणं लेखी देऊन पहिल्या वेळेला ३ महिने अपात्र ठरवायचं, ज्याला आपण सस्पेंड म्हणतो. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर सापडलात तर थेट रद्द. सोडून देण्याचा पर्याय कायद्यातच लिहिलाय हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ते नोटीस ड्रॉवरमध्ये टाकतात आणि मग एकतर्फी ऑर्डर निघाली की आमच्याकडे येतात. खोटी आशा मात्र दाखवत नाही, मोबाइलच्या केसमध्ये ३ महिने लागायची शक्यता बरीच असते, सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ लाच राज्यांना सांगून ठेवलंय की ओव्हरस्पीड, सिग्नल, दारू, मोबाइल, मालवाहू गाडीत जास्त माल किंवा माणसं, यात किमान ३ महिने लायसन्स थांबवा.

तरी उत्तर द्याच. एका पानात, हिंदीत (मराठीत कितीही छान लिहिलंत तरी नायता मुंडल्याच्या आरटीओ ऑफिसातल्या बाबूला काय उपयोग), वर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, खाली तुमचा लायसन्स नंबर, मग काय झालं ते चार ओळींत, आधी कधी चालान नसेल तर ते, फोनचं खरंच काही कारण असेल आणि त्याचा कागद असेल, म्हणजे हॉस्पिटलचं वगैरे, तर त्याची झेरॉक्स जोडा, कागद नसेल तर गोष्ट रचू नका. शेवटी "मुझे व्यक्तिगत सुनवाई का अवसर दिया जाए" हे वाक्य हवंच. दोन प्रती न्या, एक आवक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तो शिक्का नसेल तर भैया, तुम्ही उत्तर दिलंच नाही असं समजा.

समजा ऑर्डर झाली ३ महिन्यांची. मग ते ३ महिने खरंच चालवू नका. "फोनमध्ये डिजिलॉकरला दिसतंय की लायसन्स" हे आमच्या एका पिकअपवाल्याने पण म्हटलं होतं, पण २०२० पासून अपात्र किंवा रद्द केलेल्या लायसन्सची नोंद पोर्टलवर ठेवायची असा नियम आहे, नाक्यावर नंबर टाकला आणि सगळं समोर आलं. अपात्र असताना चालवलं तर कलम १८२, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि खरी भीती इन्शुरन्सची. पॉलिसीत अटच असते की चालवणारा अपात्र ठरवलेला नको, म्हणजे त्या काळात कोणाला धडक बसली तर कंपनी एक तर हात वर करेल किंवा आधी समोरच्याला देईल आणि मग गाडीमालकाकडून वसूल करेल. स्कूटी बाबांच्या नावावर असेल तर विचार करा वसुली कोणाच्या घरी येईल.

आणखी एक उद्योग करू नका, जो नात्यातला कोणीतरी हमखास सुचवतो: नाशिकला मामाच्या पत्त्यावर नवीन काढून घे, किंवा हरवलं सांगून डुप्लिकेट घे. एका माणसाला एकच लायसन्स हे कलम ६, आणि अपात्र असताना नवीनसाठी नुसता अर्ज करणं हाही कलम १८२ चाच गुन्हा. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स हे तर कलम १९ खाली रद्द करायचं थेट कारण, म्हणजे ३ महिन्यांत परत येणारी गोष्ट कायमची घालवून बसाल.

रद्द व्हायची बाकी कारणं तुम्हाला लागू नाहीत. सराईत दारुडा किंवा गुन्हेगार, ड्रग्जचं व्यसन, दखलपात्र गुन्ह्यात गाडी वापरणं, ही तिथे येतात, आणि आजारामुळे गाडी चालवणं धोक्याचं झालं तर त्यासाठी वेगळं कलम १६ आहे.

नवीन काढावं लागेल का? सस्पेंडला नाही, मुदत संपली की तेच परत मिळतं, फक्त २०१९ नंतर त्याआधी रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करायची अट आहे, तर कुठलं ड्रायव्हिंग स्कूल चालेल ते ऑर्डर घेतानाच विचारून घ्या, ३ महिने संपल्यावर धावपळ नको. रद्द झालं तर मात्र पहिल्यापासून सगळं, लर्निंग, मग ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट, नापास झालात तर ७ दिवसांनी परत, तीनदा नापास तर ६० दिवस थांबा.

ऑर्डर पटली नाही तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. कोणाकडे करायचं ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसेल तर तिथेच लेखी विचारा. अपिलात सगळ्यात आधी हेच बघतात की तुम्हाला ऐकलं का आणि कारणं लिहिलीत का. छापील फॉर्ममध्ये नुसतं नाव भरून, कारणांची जागा कोरी ठेवून ऑर्डर दिली असेल तर अपील नक्की करा. आणि नोटिशीत उत्तराची मुदत किती दिलीय ते तुम्ही लिहिलं नाहीये, ती आजच बघा, नोटिशीची तारीख नको धरू, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पण बघा आणि ते पाकीट फेकू नका.