बदलीचा अर्ज वेगळा, पगारवाढीचा मेल वेगळा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. तीन वर्षं झाली, पॅकेज ३ लाख ६० हजार. आली तेव्हा फक्त आलेला माल तपासायची; आता ग्राहकांच्या तक्रारींची उत्तरंही हीच लिहिते, ऑडिट असलं की रविवारीही हिलाच बोलावतात. मागून आलेल्या मुलाला मात्र हिच्यापेक्षा जास्त. तिला मागायला संकोच वाटतो, म्हणून मी अर्ज लिहून दिला. ती म्हणते, "बाबा, असं कुणी लिहीत नाही." अर्ज सोबत जोडला आहे. काय चुकलं?
– एक वडील, तासगाव

काका, सप्रेम नमस्कार.

अडीच पानी अर्ज वाचला. अक्षर देखणं आहे, 'उपरोक्त विषयास अनुसरून' जागच्या जागी आहे. पण मुलीचं बरोबर आहे. तुमच्याकडे १ जुलै उजाडली की ३ टक्के वेतनवाढ सेवापुस्तकात चढायची आणि महागाई भत्त्याचा जीआर निघायचा. पगार मागायची वेळच तुमच्यावर आली नाही. म्हणून हा अर्ज तुम्ही बदलीच्या अर्जासारखा लिहिलात : आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, खोलीभाडं, धाकट्याची फी. बदलीला घरची अडचण लागू पडते, पगाराला नाही.

तिचा मॅनेजर काही खिशातून पैसे देणार नाही. तो हा मेल एचआरला आणि प्लांट हेडला पुढे पाठवणार, आणि त्यांनी तुमच्या मुलीला कदाचित धड पाहिलेलंही नसेल. मी एचआरमध्ये होते तेव्हा असे मेल माझ्याकडे यायचे. भाडं वाढल्याचं वाचून वाईट वाटायचं, पण आमच्या एक्सेलमध्ये भाड्याला रकाना नव्हता. काम काय वाढलं, याला होता. तेव्हा मॅनेजरला एक शब्दही न बदलता पुढे ढकलता येईल, असा मेल हवा.

आणि मसाला तुमच्याच पत्रात आहे. रविवारी बोलावतात, तक्रारींची उत्तरं हीच लिहिते, हे तुम्ही गाऱ्हाणं म्हणून सांगितलंत. तिची खरी बाजू तीच आहे. मेल ती इंग्रजीतच लिहील, पण तुम्हालाही वाचता यावा म्हणून मराठीत देते. त्यातला 'एट-डी रिपोर्ट' म्हणजे तक्रारीचं कारण आणि त्यावरचा उपाय मांडणारा अहवाल, आणि 'सीटीसी' म्हणजे कंपनीचा तिच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च :

"सर, मंगळवारी बोलल्याप्रमाणे लिहिते आहे. रुजू झाले तेव्हा माझ्याकडे फक्त इनकमिंग इन्स्पेक्शन होतं. गेल्या दीड वर्षापासून ग्राहकांच्या तक्रारींचे एट-डी रिपोर्ट आणि ऑडिटची तयारीही मी करते. या वर्षी अमुक तक्रारी बंद केल्या. अमुक पार्टचं रिजेक्शन इतक्यावरून इतक्यावर आलं. या कामाला धरून माझा सीटीसी ३.६० लाखांवरून ४.२० लाख करावा, ही विनंती. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं मिळाली तर सविस्तर बोलता येईल."

बस. 'अमुक'च्या जागी तिने रजिस्टर उघडून खरे आकडे भरावेत. 'खूप मेहनत घेतली' हे सगळेच लिहितात. 'मंगळवारी बोलल्याप्रमाणे'ही उगाच नाही : आधी तोंडी बोलायचं, मग मेल. न सांगता आलेला मेल मॅनेजरला नोटिशीसारखा वाटतो.

आकडा सीटीसीतच मागायचा. तुमच्या अर्जात 'दरमहा पाच हजार' आहेत, पण ते हातात येणारे की सीटीसीतले? कंपनी सीटीसीत मोजते, आणि त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. महिना पाच हजार वाढले, त्यातले निम्मे बेसिकमध्ये गेले आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील, तर दोन्हीकडचा १२-१२ टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा जाता हातात सव्वाचार हजारांच्या आसपासच पडतात. मागितलेल्यात घासाघीस होणारच, तेव्हा चार लाखांवर यायची तयारी तिने मनात ठेवावी.

आता त्या मुलाचं. तुमचा राग समजतो. सारख्या कामाला बाई म्हणून कमी पगार देऊ नये, हे १९७६ पासून कायद्यात आहे. पण तो आधीच्या कंपनीतून अनुभव आणि जास्त पगार घेऊन आला असेल, तर तुलना तिथेच लंगडी पडते. शिवाय त्याचं नाव मेलमध्ये आलं, की चर्चा तिच्या कामाची न राहता 'त्याचा पगार तुला कुणी सांगितला' याची होते. दुसऱ्या कंपन्यांत या कामाला काय मिळतं, ते नोकरीच्या जाहिराती पाहून तिने माहीत करून घ्यावं आणि बोलताना सांगावं. राजीनाम्याची धमकी तर नकोच; हातात दुसरं ऑफर लेटर नसताना ती पोकळ असते, आणि मॅनेजरला ते ओळखू येतं.

एप्रिलच्या वाढीचे आकडे अनेक कंपन्यांत जानेवारी-फेब्रुवारीतच वर जातात. मार्चअखेर मागणं म्हणजे पंगत उठल्यावर पाट मांडणं. नाही म्हणाले, तर 'काय केलं म्हणजे होईल आणि पुन्हा कधी बघाल' एवढं विचारून घ्यावं, आणि मिळालेलं उत्तर त्याच मेलखाली लिहून ठेवावं.

मेल तिचा तिलाच पाठवू द्या. आणि रोज संध्याकाळी 'आलं का उत्तर' म्हणून फोन करू नका. दहा दिवसांत आलं नाही, तर तीच दोन ओळींची आठवण करेल.