भारतीय वंशाचा, भारतीय नागरिक आणि भारताकडून खेळणारा

प्रश्न असा आहे: ‘फुटबॉलपटू रायन विल्यम्सला कुणी भारतीय वंशाचा म्हणतं, कुणी भारतीय नागरिक. अर्जात आपण राष्ट्रीयत्व लिहितो. हे सगळं एकच ना? आणि भारतासाठी खेळायला यातलं काय लागतं?’

एकच नाही. भारताकडून खेळायला (‘भारतासाठी’ मला जरा खटकतं, आपण संघाकडून खेळतो) नागरिकत्व लागतं, म्हणजे सरळ भारताचा पासपोर्ट. विल्यम्स ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. तेव्हा भारतीय वंशाचा तो जन्मापासूनच आहे. भारतीय नागरिक झाला २०२५ मध्ये, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून.

ते सोडावं लागतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ आहे खरा, पण त्या कार्डावर ना मतदान करता येतं, ना २००८ च्या सरकारी निर्णयानंतर भारताच्या संघात खेळता येतं. पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने (वडील गुजराती, आई जपानी) म्हणूनच जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. बांगलादेशाचा कायदा याबाबत सैल. इंग्लंडमधल्या लेस्टर क्लबचा हमझा चौधरी इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळलेला, आई बांगलादेशी. ब्रिटिश नागरिकत्व न सोडता तो मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशाकडून आपल्याविरुद्धच उतरला.

आता वंश. फिफालाही आधी नागरिकत्वच हवं असतं. ते नव्याने घेतलेलं असेल तर वर काहीतरी नातं दाखवावं लागतं: स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशातला, नाहीतर ठरावीक वर्षांचं वास्तव्य. गिरगावात जन्मलेला माणूस ‘आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त फिफाकडे पणजोबा चालत नाहीत. म्हणून ‘भारतीय वंशाचा’ किंवा ‘मूळचा भारतीय’ जरूर लिहा, पण ‘जन्माने भारतीय’ टाळा. त्यातून जन्मस्थळ सांगायचंय की घराणं, ते कळत नाही.

राष्ट्रीयत्व हा यातला सगळ्यात निसरडा शब्द. अर्जात तो नागरिकत्वाच्याच अर्थाने येतो, एरवी त्यात अस्मितेची छटा असते. स्कॉटलंडचा खेळाडू घ्या. राष्ट्रीयत्व विचारलं तर तो स्कॉटिश सांगेल, पासपोर्ट मात्र ब्रिटिश. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडवाल्यांचाही तोच. पासपोर्ट एक, संघ चार. मग तिथे कोण कुणाचा हे पुन्हा जन्म, आईवडील, आजी-आजोबा नाहीतर शाळेची पाच वर्षं यांवरच ठरतं. त्यामुळे पात्रतेबद्दल लिहिताना मी राष्ट्रीयत्व शक्यतो वापरत नाही.

गोव्यात उलटाच पेच. १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, आणि ते घेतलं की भारताचं जातं. असा एखादा मडगावचा पोरगा जन्मला भारतात, वंशही भारतीय, तरी भारताकडून खेळू शकत नाही. त्याच्या बातमीत ‘गोव्यात जन्मलेला पोर्तुगीज नागरिक’ असं लिहावं. नुसतं ‘पोर्तुगीज खेळाडू’ लिहिलं तर तो रोनाल्डोच्या संघातला वाटेल.