सांगलीतून ऑनलाइन हळद विकतो, गिऱ्हाईक म्हणतंय "ॲडव्हान्स पाठवतोय, क्यूआर स्कॅन करा", करू का?

अजिबात करू नका, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर टाकायचाच नसतो, पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातनं जातात. मी तासगावचा बेदाणा कुरिअरनं पाठवतो, असली गिऱ्हाइकं मला पण आलीत, सगळ्यांची टेप एकच, 'मिलिटरीत आहे, माल बघायची गरज नाही, तुम्ही म्हणाल तो भाव'. अहो, घासाघीस न करणारं गिऱ्हाईक कधी बघितलंय का आपल्याकडं? त्याला उलट तुमचा क्यूआर नाहीतर यूपीआय आयडी द्या, खरा असला तर टाकेल.

आणि 'जमा झाले' असा मेसेज किंवा स्क्रीनशॉट आला म्हणून पार्सल सोडू नका, ते खोटं बनवता येतं, बँकेच्या ॲपमधे एंट्री दिसली की मगच कुरिअरवाल्याकडं द्यायचं. एक आहे, यूपीआय ॲपमधे बॅलन्स बघताना पण पिन लागतोच, तेवढ्याला घाबरू नका, फक्त त्यानं पाठवलेल्या लिंकवरनं जायचं नाही. स्कॅन करून बसला असाल आणि पैसे गेले असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला पण कळवा.