टर्बो पेट्रोल, रिमॅप अन् घाटातली मिसिंग: प्लग कोणता, गॅप किती

प्रश्न थोडक्यात असा: एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी, नागपुरात स्टेज वन रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवायचा पहिला टप्पा) करून घेतलेली. गावात, शेताच्या रस्त्यानं मस्त चालते; पण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पाय दाबला की झटके देऊन राहिली, म्हणजे मिसिंग, ठिणगी मध्येच चुकते. मेकॅनिक म्हणतो, दोन नंबर थंड, इरिडियम धातूच्या टोकाचे स्पार्क प्लग टाका अन् गॅप (प्लगच्या दोन टोकांतलं अंतर) १.१ मिलिमीटर करा, म्हणजे स्पार्क मोठा पडेल.

भाऊ, गॅप १.१ करू नका. मेकॅनिक अनाडी आहे असं नाही. त्याच्या हाताखालून आयुष्यभर साध्या पेट्रोल गाड्या गेल्या, आणि त्यात एक, सव्वा मिलिमीटरच्या आसपास गॅप चालते. एनजीके कंपनीच्या प्लगच्या डब्यावर नंबराच्या शेवटी ११ दिसला की कारखान्यातूनच गॅप १.१ आहे असं समजायचं. टर्बोचं गणित वेगळं. टर्बो दाबून हवा भरतो, त्यामुळे प्लगच्या टोकापाशी हवा दाट असते. हवा जितकी दाट अन् गॅप जितकी मोठी, तितका ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतो. हा व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची ताकद ठरलेली असते. रिमॅपनं बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढला, पण कॉइल तीच राहिली. म्हणून तुमची गाडी आयडलला (पाय न दाबता नुसतं इंजिन चालू असताना) शांत, हलक्या पायावर शांत, आणि नेमकी फुल बूस्टवर, अडीच-तीन हजार आरपीएमला ठिणगी चुकवते. पेट्रोल कमी पडलं तरी झटके येतात, पण ज्या मिसिंगला आयडलवर पत्ताच नसतो, तिथे मी आधी गॅप पाहतो.

कंपनीच्या टर्बो गाड्यांत बहुधा ०.७ ते ०.८ गॅप असते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलात बघा. स्टेज वनसाठी ०.६५ वर या. तरी झटका आला तर ०.६०. त्याच्या खाली उगाच जाऊ नका, ठिणगी एवढीशी होते की सकाळच्या थंड इंजिनाला अन् आयडलला त्रास सुरू होतो.

आता थंड-गरम. थंड प्लग म्हणजे टोकाची उष्णता इंजिनच्या हेडकडे लवकर सोडणारा प्लग. टोक साधारण ४५० ते ८५० अंशांत राहिलं पाहिजे. खाली राहिलं तर काजळी जळून साफ होत नाही, फार वर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनचं नुकसान होते. एनजीके अन् डेन्सो या कंपन्यांच्या प्लगवर आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं. दुकानदार हे सांगत नाही, अन् इथंच लोक फसतात. डेन्सोचा २० म्हणजे एनजीकेचा ६, आणि २२ म्हणजे ७. तुमच्या गाडीला कंपनीचा ६ असेल तर ७ घ्या, बस. दोन नंबर थंड प्लग रेस ट्रॅकवर शोभतो. तुमची गाडी दिवसभर गाव ते तालुका अशी पाच-सात किलोमीटर फिरते, त्यात तो तापणारच नाही, काळाच पडेल. रिमॅप नसता तर मी कंपनीचाच नंबर टाकायला सांगितलं असतं, वैशाखातही.

बाप्पा, आपल्याकडच्या उन्हाबद्दल मात्र वेगळं बोलायला लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की टर्बोला मिळणारी हवाच तापलेली. मग नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, पिकअप मरतो, अन् माणूस प्लगला दोष देतो. पुढून टॉर्च मारून इंटरकूलर, म्हणजे टर्बोची हवा थंड करणारी जाळी, बघा. जिनिंगच्या रस्त्यावरची रुई अन् मळणीचा भुसा जाळीत असा बसतो की हवा जायला फटच उरत नाही. उलट्या बाजूनं हलक्या दाबाचं पाणी मारा. जोरात मारलं तर पाती मुडतात. आणि ट्युनरला विचारा, मॅप कोणत्या पेट्रोलवर बसवला? १०० ऑक्टेनवर (नॉकिंगला सहज दाद न देणारं महाग पेट्रोल) असेल अन् तुम्ही गावच्या पंपावर साधं भरत असाल, तर प्लग बदलून काही होणार नाही.

गॅप करताना: इरिडियमचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, डेन्सोचं तर ०.४. नाण्यासारखं गोल गेज मध्ये घालून पिळलं की ते टोक तुटलंच म्हणा. वाकवायची ती फक्त वरची वाकडी पट्टी, अन् मापायचं तारेच्या गेजनं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर त्याला लावायचाच नाही. हातातून फरशीवर पडलेला प्लग चांगला दिसला तरी टाकू नका, चिनी मातीत न दिसणारी चीर असू शकते.

जुने प्लग गार इंजिनवरच काढा. हेड ॲल्युमिनियमचं असते, गरम असताना आटे येतात सोबत. आणि काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, काळ्या मातीचा फुफाटा तिथं बसलेला असतो अन् प्लग निघाला की सरळ सिलिंडरात जातो. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चालेल, फक्त आधी टाकीतलं पाणी सोडायला लावा. बसवताना पहिले फेरे हातानंच. मग १४ मिलिमीटर आट्याच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ च्याला १५ ते २०. टॉर्क पाना (ठरल्या जोरानंच आवळणारा) नसेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस लावू नका, घसरण वाढते अन् त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

निघालेले प्लग फेकू नका. खालचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरंफटक म्हणजे तापतोय, काळं मऊ काजळीचं म्हणजे थंड किंवा पेट्रोल जास्त. चिनी मातीवर खाली गोल तपकिरी कडी दिसली तर घाबरू नका, ते नेहमीचंच. पण उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळते आहे, अन् कॉइलचं रबरी बूट बदलायला झालं. तो खर्च प्लगपेक्षा कमी, म्हणून दोन्ही एकदमच करा.

अजून एक. चढावर मोठ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमला पाय दाबून गाडी ओढू नका, छोट्या टर्बो इंजिनांत तिथंच अवेळी पेटण्याचा धोका असतो. गिअर खाली टाका. आणि इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचं (हे अवेळी पेटणं आवरायला मदत करते) आहे की नाही, डब्यावर वाचून घ्या.

०.६५ वर करून एकदा घाट चढून पाहा. तरी मिसिंग राहिली तर स्कॅनर लावून कोणता सिलिंडर चुकते ते बघा, मग त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यात टाकून पुन्हा चढा. स्कॅनरवरचा दोषाचा कोड कॉइलसोबत सरकला तर दोष कॉइलचा. नाही सरकला तर प्लग अदलाबदल करा, अन् त्यानंतरच इंजेक्टरकडे वळा.