वाचकांचे प्रश्न : राजापूरचे खासदार आणि शुक्रवारची दुपार

प्रश्न : आमच्या घरात बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मात्र माझा मुलगा विचारतो, की तीन वेळा निवडून येऊन आणि लोकसभा गाजवून त्यांनी कोकणाच्या पदरात नेमके काय टाकले? त्यांचे गाजलेले विधेयकसुद्धा मंजूर झाले नव्हते म्हणे. त्याला काय सांगावे? (एक वाचक, कणकवली)

उत्तर : चिरंजीवांचा प्रश्न रास्त आहे आणि विधेयकाविषयीची त्यांची माहितीही बरोबर आहे. मात्र ‘खासदाराने काय आणले’ हा हिशेब आज ज्या पद्धतीने मांडला जातो, ती पद्धत अलीकडची आहे. खासदारांचा स्थानिक विकास निधी 1993 साली सुरू झाला. त्याआधी समाजमंदिर, साकव किंवा पाखाडी यांवर खासदाराच्या नावाची पाटी लागण्याची सोयच नव्हती. वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै 1957, 1962 आणि 1967 साली राजापूरमधून निवडून गेले, ते प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून. म्हणजे संबंध कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. अशा सदस्याच्या हाती तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते), त्यावरचे उपप्रश्न, खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी कपात सूचना आणि खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, अशीच आयुधे असतात.

खासगी विधेयकाला वेळ मिळतो तो सहसा शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास. निम्मे सदस्य तोपर्यंत गावची गाडी पकडण्याच्या घाईत असतात. आजवर अशी जेमतेम चौदा विधेयके कायद्यात रूपांतरित झाली असून त्यांतले शेवटचे 1970 सालचे आहे. तेव्हा मंजुरीच्या कसोटीवर जवळपास सगळेच सदस्य नापास ठरतील.

नाथ पै यांच्या विधेयकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. 27 फेब्रुवारी 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. मालमत्तेचा हक्कही तेव्हा मूलभूत होता. त्यामुळे जमीन सुधारणांचे आधीचे कायदे न्यायालयाने अबाधित ठेवले असले, तरी पुढची वाट बंद झाली होती, आणि खोती (कोकणातली खोतांची जमीनदारी) व कुळकायद्याचा झगडा पाहिलेल्या मतदारसंघाच्या समाजवादी प्रतिनिधीला ते खटकणे स्वाभाविक होते. त्याच वर्षी नाथ पै यांनी संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार निःसंदिग्ध करणारे विधेयक मांडले. एका विरोधी सदस्याचे ते विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि त्यावर देशभर वाद झाला, हीच मोठी दुर्मीळ गोष्ट म्हणावी लागेल. डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तिच्याबरोबर विधेयकही बारगळले आणि पुढच्याच महिन्यात, 18 जानेवारी 1971 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाथ पै बेळगावात निवर्तले. त्यानंतर काही महिन्यांतच इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार कायम केला.

प्रस्तुत लेखकाला त्या विधेयकाची भूमिका सर्वस्वी पटत नाही, हेही नमूद केले पाहिजे. संसदेवर इतका विश्वास टाकणे किती जोखमीचे असते, ते आणीबाणीने दाखवून दिले. अधिकार मान्य करूनही घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावू न देण्याचा केशवानंद भारती खटल्यातला 1973 सालचा निर्णय अधिक शहाणपणाचा ठरला. पण न्यायालयाला तिथवर यावे लागले, त्यामागच्या वादाला नाथ पै यांच्या विधेयकाने बळ दिले होते, हे मुलाला जरूर सांगावे.

प्रश्न : कोकण रेल्वे मधू दंडवते यांनी आणली, असे आमच्याकडे म्हणतात, तर काही जण जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव घेतात. खरे श्रेय कोणाचे? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सर, दोघांचेही, आणि ही रेल्वे बांधणाऱ्या महामंडळाचे पहिले अध्यक्ष, अभियंते ई. श्रीधरन यांना वगळून तर हिशेब पुराच होत नाही. अहमदनगरात जन्मलेले आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे दंडवते 1971 ते 1989 या काळात राजापूरमधून सलग पाच वेळा निवडून आले. 1984 साली काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या, त्या लाटेतही ही जागा त्यांनी राखली. आणीबाणीत तुरुंगात असलेला हा माणूस 1977 साली रेल्वेमंत्री झाला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात रेल्वेचा एक फूटभर रूळ नव्हता. 1974 च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी परत घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवला. ज्या चाकरमान्यांनी त्यांना मते दिली, ते मात्र कशेडी घाटातून एसटीचे धक्के खातच गावी येत राहिले. मंत्र्याने आपल्याच दारात गाडी नेली असती, तर कोकणात कोणी तक्रार केली नसती. पण सुधारणा आधी साऱ्या देशाच्या दुसऱ्या वर्गासाठी झाली, आणि याचा राग न धरता राजापूरने त्यांना 1980 साली पुन्हा निवडून दिले.

रूळ रोह्यापर्यंत आले, तरी पुढचे अडून होते ते पैशांपायी. डिसेंबर 1989 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले, आणि मागणारा व देणारा दोघेही एकाच मताचे असा योग प्रथमच जुळून आला. 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. त्यात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, तर गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के होता. उरलेला पैसा रोख्यांतून उभारायचा होता. सरकार त्याच वर्षी गडगडले आणि 1991 च्या निवडणुकीत राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले. संपूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी खुला झाला.

प्रश्न : या दोघांची लोकसभेतली भाषणे मूळ स्वरूपात वाचायला मिळतील का? (एक विद्यार्थिनी, सावंतवाडी)

उत्तर : होय. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुनी कामकाजवृत्ते विनामूल्य उपलब्ध आहेत. नाथ पै यांच्यासाठी दुसरी, तिसरी आणि चौथी लोकसभा पाहावी. विधेयकावरील चर्चा चौथ्या लोकसभेच्या शुक्रवारच्या कामकाजात सापडेल. दंडवते यांच्यासाठी 1978 व 1979 सालची रेल्वे अर्थसंकल्पावरची चर्चा आधी घ्यावी आणि त्यातही त्यांचे चर्चेला दिलेले उत्तर वाचावे, कारण तयार भाषणापेक्षा तिथे त्यांची हजरजबाबी बुद्धी अधिक दिसते. दोघेही सदनात बहुतांशी इंग्रजीत बोलत, हे लक्षात ठेवून शोध घ्यावा.